सांगलीच्या पुराचं पहिलं संगणकी मॉडेल करताय? मग हे आधी बघा

मॉडेलची खालची सीमा, म्हणजे नदी जिथे मॉडेलमधून बाहेर पडते ती जागा, सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर ठेवू नका. पुलाच्या खाली हरिपूरला वारणा मिळते आणि तिला पूर असला की कृष्णेचं पाणी मागे तुंबतं. पुलावरच मॉडेल तोडलंत तर ही फूग दिसणारच नाही. संगमाच्या बऱ्याच खाली, अंकलीच्याही पुढे जा आणि वारणेचा प्रवाह वेगळा द्या.

हेक-रास हे नदीच्या प्रवाहाचं गणित करणारं सॉफ्टवेअर मोफत आहे, सुरुवातीला तेच घ्या. उपग्रहाचा ३० मीटरचा उंचीनकाशा पाण्याखालचा तळ दाखवत नाही, म्हणून पात्राचे मोजलेले आडवे छेद मिळवाच. इथे कंटाळा केलात तर पुढचं सगळं वाया!

मॅनिंगचा गुणांक, म्हणजे जमीन पाण्याला किती अडवते त्याचा आकडा, पात्राला ०.०३५ धरा. काठच्या उभ्या उसाला ०.०८पासून सुरुवात करा. ऑगस्टमध्ये ऊस उंच असतो, पाणी अडवतो.

मॉडेलमधली पातळी अचानक वरखाली उड्या मारू लागली तर आधी कालपायरी, म्हणजे एका हिशोबापासून पुढच्या हिशोबापर्यंतचा वेळ, तपासा. मॉडेलच्या जाळीतला चौकोन ५० मीटरचा आणि लाटेचा वेग सेकंदाला २.५ मीटर, तर लाट २० सेकंदांत चौकोन ओलांडते, म्हणून पायरी २० सेकंदांच्या आत हवी.

मॉडेलची पातळी २०१९च्या पुरात मोजलेल्या पातळीशी जुळेपर्यंत गुणांक बदलत राहा. मग त्यांना हात न लावता २०२१चा पूर चालवून पाहा.