फवारणीचा पंप खाली ठेवल्यावर

शेतकरी बंधू-भगिनींनो, पोळा झाला, पऱ्हाटी (कपाशी) कमरेच्या वर गेली आणि फवारणीचा जोर वाढला. या पंधरवड्यात तुमचे बरेच प्रश्न आले. तुडतुडे आणि बोंडअळीचे प्रश्न गावबैठकीत घेऊच. पण काही प्रश्न पिकाचे नव्हते, माणसाचे होते. आज ते आधी घेतो.

फवारा मारून आलं की डोकं जड होतं, मळमळतं. रात्री झोप झाली की सकाळी बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पंप घ्यायला हरकत नाही ना?

हरकत आहे, दादा. सकाळी बरं वाटलं म्हणजे विष उतरलं, असा हिशेब इथे चालत नाही.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, अॅसिफेट ही सगळी एकाच कुळातली कीटकनाशकं, ऑर्गॅनोफॉस्फेट म्हणतात त्यांना. आपल्या शरीरात नसांकडून स्नायूंना निरोप देणारा एक पदार्थ असतो. काम झालं की तो मोडून टाकायला कोलिनेस्टरेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ही कीटकनाशकं नेमकं तेच विकर बंद पाडतात. अळी त्यानेच मरते, आणि माणसालाही त्यानेच घाम सुटतो, लाळ येते, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, स्नायू फडफडतात, शेवटी श्वास अडतो. बंद पडलेलं विकर पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे लागतात. म्हणजे सोमवारी थोडं कमी झालं, मंगळवारी आणखी थोडं, आणि गुरुवारी एरवी काहीच झालं नसतं एवढ्या औषधाने माणूस धुऱ्यावर (बांधावर) कोसळतो. घरचे म्हणतात, रोज मारत होता, आजच काय झालं?

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात हे आपण पाहिलं. कपाशी फवारणारे शेकडो शेतकरी आणि मजूर दवाखान्यात भरती झाले, वीसहून अधिक दगावले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या उंचीला गेली होती, दमट उकाडा होता, आणि चार्जिंगच्या पंपाचा बारीक फवारा छाती-तोंडाच्या पातळीवर उडत होता. दोन-तीन औषधं एकत्र करून मारणंही सर्रास चाललं होतं. यातलं एकेक कारण वेगळं काढून दाखवता येणार नाही. सगळी एकत्र आली होती.

तेव्हा डोकं दुखलं, मळमळलं, अंधुक दिसलं की त्या दिवशी पंप खाली. दुसऱ्या दिवशीही नाही. डॉक्टरांना दाखवा आणि कोलिनेस्टरेजची रक्त तपासणी करता येईल का, ते स्वतःहून विचारा.

नाकाला ओला रुमाल घट्ट बांधतो. तेवढं पुरेसं आहे का?

नाही. सगळ्यांचं लक्ष नाकाकडे असतं, पण फवारणाऱ्याच्या अंगात जास्त विष कातडीतून जातं. ओल्या पऱ्हाटीतून चालताना मांड्या आणि पोटऱ्या भिजतात, पंपाचं झाकण गळून पाठ भिजते, औषध मोजताना बोटं भिजतात. घामाने ओली झालेली कातडी विष आणखी लवकर ओढते. ओला रुमाल तर औषध शोषून ते तोंडाशीच धरून ठेवतो.

संरक्षक किट घातलं की भाद्रपदाच्या उन्हात जीव घुसमटतो, हे मला ठाऊक आहे. स्वतः घालून पाहिलंय. म्हणून निदान एवढं करा: पूर्ण बाह्यांचा जाड सुती सदरा, पायात गमबूट, पॅन्ट बुटाच्या बाहेरून (आत खोचली की थेंब सरळ बुटात उतरतात), कमरेपासून खाली प्लास्टिकचा कागद गुंडाळलेला, पाठीवर पंपाखाली तसाच एक कागद, आणि हातात रबरी मोजे. कापडी मोजे नकोत. सकाळी लवकर किंवा ऊन कललं की मारा. वारा आडवा घेऊन चाला, म्हणजे फवारा अंगावर येणार नाही. पऱ्हाटी डोक्याएवढी झाली असेल तर त्या वावरात पाठीवरचा पंप घेऊन शिरूच नका. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकायचं नाही, ते तर लहान पोरालाही कळावं. तरी दर वर्षी कुणीतरी फुंकतोच.

औषध चढलं तर दूध पाजायचं की गूळ-पाणी?

दोन्ही नाही. ताक, लिंबू, मिठाचं पाणी, तेल, काहीच पाजू नका. काही औषधं स्निग्ध पदार्थासोबत जास्त शोषली जातात. उलटी मुद्दाम काढायला गेलात तर औषधातलं द्रावक फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. भिजलेले कपडे काढा, साबण लावून भरपूर थंड पाण्याने अंग धुवा, शुद्ध हरपली असेल तर डाव्या कुशीवर ठेवा आणि 108 ला फोन लावा. औषधाचा डबा आणि त्यासोबतचं माहितीपत्रक बरोबर न्या. हे विसरलात तर डॉक्टर अंधारात राहतात. ऑर्गॅनोफॉस्फेटवर अॅट्रोपीन हा उतारा चालतो, पण प्रत्येक विषाला उतारा नसतो, काही औषधांवर फक्त लक्षणं बघून उपचार करावे लागतात.

कृषी केंद्रातून तीन औषधं एकत्र करून मारायला सांगितली. मारू का?

लेबलवर मिसळायची शिफारस नसेल तर नका मारू. तीन विषं एका पंपात गेली की त्यांचा एकत्रित परिणाम काय होईल, हे दुकानदारालाही सांगता येत नाही, आणि दवाखान्यात नेल्यावर नेमकं कोणतं विष अंगात गेलं हेही कळत नाही. डब्यावरचा त्रिकोण बघत चला: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. मोनोक्रोटोफॉस लाल आहे, भाजीपाल्यावर ते वापरायला 2005 मध्येच बंदी आली, आणि 2023 मध्ये केंद्राने त्याच्या 36 टक्के द्रावणावरही बंदीचा आदेश काढला. पक्कं बिल घ्या, त्यावर बॅच नंबर असू द्या.

एका ताईंनी विचारलंय: यांचे फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांतच धुते. लेकरू लहान आहे, काही होईल का?

ताई, तुमचा प्रश्न मला या सगळ्यांत महत्त्वाचा वाटला. पंप मारतो एक जण, पण औषध घरभर फिरतं. ते कपडे वेगळे ठेवा, हातमोजे घालून वेगळ्या बादलीत धुवा, ते पाणी विहिरीपासून आणि हापशापासून लांब टाका. त्यांनी अंगणातच कपडे उतरवून, साबणाने आंघोळ करून मग लेकराला उचलावं.

आणखी एक, जे तुम्ही विचारलं नाही. पऱ्हाटीच्या ओळीत लावलेली अंबाडी, चवळी, भेंडी आपण सहज ओट्यात तोडून आणतो. त्या वावरात फवारा झाला असेल तर ती भाजी चुलीवर चढवू नका. कपाशीवरच्या औषधाचे थांबायचे दिवस (फवारणीनंतर तोडणीपर्यंतचे) कपाशीचे असतात, भाजीचे नाही. धुऱ्यावरचं गवतही लगेच गुरांना कापू नका. रिकाम्या डब्यात तेल, रॉकेल किंवा बियाणं भरणं बंद करा. डबा तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता, मग डब्याला भोकं पाडून तो वस्तीपासून लांब गाडून टाका.

फवारा मजुराकडून करून घेतो. त्याला त्रास झाला तर जबाबदारी कुणाची?

तुमची. किट तुम्ही द्यायचं, धुवायला साबण-पाणी तुम्ही द्यायचं. मजुरी पंपावर ठरली की मजूर ऊन, वारा न बघता पंप वाढवत जातो, हेही ध्यानात घ्या. रोजावर लावलात तर चार पंप कमी होतील, ते होऊ द्या. त्याने जेवायच्या आधी हात धुतले की नाही, हे बघायला धुऱ्यावर थांबायला हवं. फोनवरून हे काम होत नाही.

मुळात पंपच कमी लागावेत यासाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा. सलग तीन रात्री सापळ्यात रोज आठ किंवा जास्त पतंग आले, नाहीतर शंभरातल्या दहा फुलांत-बोंडांत गुलाबी अळी दिसली, तरच रासायनिक औषधाचा विचार. डोमकळ्या (गुलाबी अळीमुळे नीट न उमललेली, मिटलेली फुलं) दिसल्या की तोडून नष्ट करा. सुरुवातीच्या किडींना पाच टक्के निंबोळी अर्क बघा. किडीबद्दल अडलं तर किसान कॉल सेंटर 1800-180-1551 वर मराठीत विचारता येतं. येत्या बैठकीला येताना घरातला औषधाचा एक डबा सोबत आणा, लेबल एकत्र वाचू. झाकण घट्ट लावून, पिशवीत घालून आणा. मागच्या वेळी एकाने सदऱ्याच्या खिशात घालून आणला होता.