कबर उकरणं गुन्हा असेल, तर ममी बाहेर काढणं संशोधन कसं? किती वर्षांनी हा फरक पडतो?

तुम्ही विचारलंय की प्राचीन इतिहासाचं वेड लहानपणापासून आहे, पण काचेच्या पेटीतल्या ममीचा फोटो पाहताना आता अपराधी वाटतं. कालपरवाची कबर उकरली तर तो गुन्हा, मग तीन हजार वर्षांपूर्वीची उकरली की तेच संशोधन कसं होतं? आणि हे सगळं आवडणंच चूक आहे का?

आवडण्यात काहीही चूक नाही. मलाही हे वेड आहे आणि ते कमी व्हावं असं मला कधी वाटलं नाही. मी व्यवसायाने पुरातत्त्वज्ञ नाही, पण एका उत्खननात काही आठवडे मदतनीस म्हणून राबले आहे. चार दिवस आम्ही एकाच खड्ड्यात उकिडवे बसून माती खरवडत होतो. थोडी खापरं निघाली, बाकी काही नाही. पाचव्या दिवशी सकाळी जमिनीवर पाण्याचा हलका फवारा मारला आणि पिवळसर मातीत काळपट गोल डाग उमटले. ठरावीक अंतरावर, वळत गेलेल्या ओळीत. कोणीतरी तिथे लाकडी खांब रोवले होते. खांब कुजून गेले, त्यांच्या जागी भरलेली माती तेवढी वेगळ्या रंगाची राहिली. ती एक झोपडी होती. आत चूल कुठे असेल, दार कोणत्या बाजूला असेल, यावर आम्ही दिवसभर बोलत होतो. संध्याकाळपर्यंत मोजमापं झाली, आराखडा काढून झाला, फोटो झाले. दुसऱ्या दिवशी खालचा थर पाहायचा म्हणून ते डाग आम्हीच खणून काढले. ती झोपडी आता फक्त कागदावर आहे.

उत्खनन म्हणजे जपणूक, असं मी तोपर्यंत समजत होते. प्रत्यक्षात प्रत्येक उत्खनन ती जागा कायमची मोडतं. वस्तू उरते, पण ती कोणत्या थरात होती, कशाच्या शेजारी होती, आडवी होती की उभी, हे एकदाच दिसतं. तेव्हा लिहून घेतलं तर राहतं. चोर आणि संशोधक दोघेही खणतात. चोर फक्त वस्तू नेतो आणि बाकीचं सगळं पुसून टाकतो.

आता तुमचा वर्षांचा हिशेब. इसवी सनापूर्वी सुमारे ११०० च्या आसपास, राजा नवव्या रामसेसच्या काळात, इजिप्तमध्ये थडगी फोडणाऱ्यांवर खटले चालले. त्या चौकशीचे पपायरस, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावरचे दस्तऐवज, आजही उपलब्ध आहेत. सोबेकेमसाफ नावाच्या राजाचं थडगं फोडून सोनं ओरबाडलं आणि शवपेट्या जाळल्या, अशी कबुली त्यात आहे. तो राजा मरून तेव्हा चारशेहून जास्त वर्षं झाली होती. ‘आता जुनं झालं, चालतंय’ असं कोणी म्हटलं नाही. म्हणून वर्षांचा आकडा मला उपयोगाचा वाटत नाही. मी दोन गोष्टी पाहते: जे मोडलं त्याची नोंद किती नीट ठेवली, आणि मोडण्याआधी कोणाला विचारलं.

नोंदीचं म्हणाल तर ट्रॉय शोधायला निघालेल्या हाइनरिश श्लीमान या जर्मन हौशी उत्खननकाराचं उदाहरण मला अजून अस्वस्थ करतं. तुर्कस्तानातल्या हिसार्लिकचं पांढरीचं टेकाड म्हणजे एकावर एक वसलेल्या नऊ मुख्य वस्त्या. प्राचीन ग्रीक कवी होमरच्या काव्यातलं, युद्धात पडलेलं ट्रॉय शहर सगळ्यांत खाली असणार, या खात्रीने त्याने टेकाडात प्रचंड चर खणला. १८७३ मध्ये त्याला सोनं सापडलं. ‘राजा प्रायमचा खजिना’ (प्रायम हा काव्यातला ट्रॉयचा राजा) म्हणून त्याने ते जाहीर केलं आणि गुपचूप देशाबाहेर नेलं. नंतर कळलं की तो खजिना ट्रोजन युद्धाचा म्हणून जो काळ मानतात त्याच्या हजारापेक्षा जास्त वर्षं आधीचा आहे. ज्या काळाचा शोध घ्यायला तो निघाला होता, त्याच काळातल्या बांधकामांचा काही भाग घाईत उडवला गेला होता. त्याचं वेड खरं होतं, तुमच्यामाझ्यापेक्षा जास्तच असेल. पण थांबणं त्याला जमलं नाही.

ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टर अगदी उलट. १९२२ मध्ये इजिप्तचा राजा तुतनखामुनचं थडगं सापडल्यावर तो सोन्यावर तुटून पडला नाही. एकेका वस्तूला क्रमांक, जागेवरच फोटो, मग डागडुजी, मग हलवणं. पाच हजारांहून जास्त वस्तू बाहेर काढायला जवळजवळ दहा वर्षं गेली. त्या नोंदी आजही वापरल्या जातात. आणि तरीही १९२५ मध्ये त्याच कार्टरच्या देखरेखीखाली त्या तरुण राजाच्या देहाचे तुकडे झाले. विधीत ओतलेल्या राळेमुळे ममी शवपेटीला घट्ट चिकटली होती. तापवलेल्या सुऱ्यांनी ती सोडवली, धड कापलं, हातपाय आणि डोकं वेगळं झालं. मग ते सगळं वाळूवर मांडून पुन्हा माणसासारखं दिसेल असं जुळवलं. २००५ मध्ये त्याच ममीचं सीटी स्कॅन झालं, तेव्हा सुरी लावावी लागली नाही. ऐंशी वर्षं वाट पाहिली असती तर तो अखंड राहिला असता, हे मला खूप लागतं. चांगल्या नोंदीने सगळं माफ होत नाही, हे मी तिथे शिकले.

वाट पाहण्याचं मोल चीनने मोठी किंमत मोजून ओळखलं. १९५६ पासून मिंग सम्राट वानलीचं थडगं, डिंगलिंग, खणलं गेलं. शतकानुशतकं टिकलेलं रेशीम बाहेरच्या हवेत ठिसूळ होऊन खराब झालं. १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत सम्राटाचे आणि त्याच्या दोन राण्यांचे अवशेष जाळण्यात आले. मातीच्या सैनिकांसाठी प्रसिद्ध असलेल्या पहिल्या सम्राटाची मुख्य कबर आजही उघडलेली नाही. आत काय असेल या विचाराने माझीही झोप उडते, तरी ती बंद आहे याचं मला समाधान आहे. इटलीत ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम या रोमन गावातल्या, जळून कोळसा झालेल्या पपायरसच्या गुंडाळ्या अठराव्या शतकात सापडल्या. त्या कापून, सोलून वाचायच्या प्रयत्नात कितीतरी नष्ट झाल्या. ज्या तशाच ठेवल्या होत्या, त्यांतल्या एका बंद गुंडाळीतला ‘जांभळा’ हा शब्द २०२३ मध्ये क्ष-किरण आणि संगणकाच्या मदतीने वाचता आला. न उलगडता!

आता विचारण्याचा मुद्दा. इथे माझं स्वतःचं मत बदललं आहे. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, केनेविक गावाजवळ, कोलंबिया नदीच्या काठी एक सांगाडा सापडला. साधारण साडेआठ हजार वर्षांपूर्वीचा. तिथल्या मूलनिवासी जमातींनी सांगितलं, हा आमचा पूर्वज आहे, त्याला पुन्हा मातीत ठेवू द्या. काही शास्त्रज्ञ कोर्टात गेले, आणि २००४ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. मी त्याबद्दल वाचलं तेव्हा मलाही तो निकाल पटला होता. इतका जुना माणूस कोण्या एका जमातीचा कसा असेल, असं वाटायचं. २०१५ मध्ये डीएनए तपासणी झाली आणि तो आजच्या मूलनिवासींच्याच जवळचा निघाला. दावा करणाऱ्या कॉलव्हिल लोकांशीही त्याचं जवळचं नातं दिसलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये जमातींनी एकत्र येऊन, जागा गुप्त ठेवून, त्याला पुरलं. तपासणी झाली नसती तर हा पुरावा मिळाला नसता, हे खरं. पण आपला माणूस आपला आहे हे सिद्ध करायला त्या लोकांना वीस वर्षं लागावीत, हेही मला बरोबर वाटत नाही. आधी त्यांच्यासोबत बसून, त्यांच्या संमतीने तपासणी करण्याचा मार्ग होताच.

ममींच्या बाबतीत थेट वारस सांगता येत नाही, म्हणून प्रश्न आणखी अवघड होतो. इजिप्शियन थडग्यांच्या भिंतींवर येणाऱ्याजाणाऱ्यांना उद्देशून मजकूर असतो: जिवंत असणाऱ्यांनो, माझं नाव घ्या, माझ्यासाठी अर्पणाचे शब्द म्हणा. त्यावरून काही जण म्हणतात, संग्रहालयात लाखो लोक त्यांचं नाव घेतात, म्हणजे त्यांची इच्छाच पुरी झाली. मला हे अर्धंच पटतं. नाव घ्यावं ही त्यांची इच्छा होती, तशीच देह अखंड आणि झाकलेला राहावा हीही होती. आपल्याला सोयीची तेवढी इच्छा उचलायची, हे बरं नाही. माझं मत विचाराल तर देह अभ्यासासाठी जपावा, पण उघडा चेहरा तिकीट लावून दाखवू नये. शवपेटी, गुंडाळलेली आकृती आणि त्या माणसाची गोष्ट पुरेशी आहे. यावर प्रामाणिक माणसांचे मतभेद आहेत आणि ते राहतील.

तुमच्या हातात काय आहे? जुनी नाणी, मूर्ती, मणी कागदपत्रांशिवाय कोणी विकत असेल तर कितीही मोह झाला तरी घेऊ नका, कारण ती मागणीच रात्रीचं खोदकाम चालवते. उघड्यावर जुनं काही दिसलं तर उचलू नका. फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. खिशात घातलेलं खापर म्हणजे नुसतं खापर.

आणि संग्रहालयात जरूर जा, ममी पाहायचीच असेल तर तीही पाहा. पण काचेत डोकावण्याआधी शेजारची पाटी वाचा. कुठे सापडलं, कोणत्या साली, कोणी खणलं, इथवर कसं आलं. जिथे ‘सापडल्याचं ठिकाण: अज्ञात’ असं लिहिलेलं दिसेल, तिथे ते का अज्ञात आहे, हे तिथल्या माणसांना विचारा.