पंपाचा इम्पेलर गंजतोय, झिजतोय की कॅव्हिटेशननं खाल्ला जातोय, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या कारखान्यात कूलिंग टॉवरच्या पंपाचा बिडाचा (कास्ट आयर्नचा) इम्पेलर, म्हणजे पाणी फेकणारं पात्यांचं चाक, वर्षभरही टिकत नाही, पात्यांना भोकं पडतात, आणि पुरवठादार म्हणतो एसएसचा (स्टेनलेस स्टीलचा) टाका. अजून टाकू नका. मी याच पट्ट्यात पंपांच्या देखभालीचं काम करतो. "एसएस टाका" हा सल्ला इथे सर्रास मिळतो, पण नुकसान कशानं झालं हे न बघता दिला असेल तर त्याला अर्थ नाही.

पंप उघडल्यावर फिटरला पहिली सूचना द्या: वायर ब्रश मारायचा नाही, धुवायचंही नाही. आतला थर हाच पुरावा असतो. आधी फोटो घ्या, थोडा थर खरवडून डबीत ठेवा, मग साफ करा.

आता बघायचं ते नुकसान कुठे आहे. पाण्यातल्या वाळू-मातीनं झीज झाली असेल तर ती प्रवाहाच्या दिशेनं असते. पात्यांची बाहेरची टोकं, वेअर रिंग (इम्पेलरभोवतीची, झिजली की बदलायची कडी) आणि केसिंगमध्ये, म्हणजे पंपाच्या बाहेरच्या कवचात, डिलिव्हरीकडे पाणी वळवणारी कड इथे ती सर्वात जास्त दिसते, कारण वेग तिथे जास्त. धातू चकचकीत, गुळगुळीत, लांबट खाचा पडलेल्या. गंज मात्र वेगाची वाट बघत नाही. पाणी साचून राहतं त्या कोपऱ्यांत, गॅस्केटखाली, बोल्टच्या भोवतीही तो असतो, आणि खड्ड्याचा तळ काळपट किंवा तपकिरी असतो. दोन्ही एकत्र असतील, म्हणजे गंजाचा थर प्रवाह काढत राहतो आणि खालचा ताजा धातू पुन्हा गंजतो, तर खाचा दिशेनंच असतात, पण संथ जागांवरही थर सापडतो.

बिडाच्या बाबतीत एक गोष्ट हमखास निसटते. बिडातलं लोखंड विरघळून जातं आणि ग्रॅफाइटचा सांगाडा मागे राहतो. भाग दिसायला जसाच्या तसा, मापही जवळपास तेच, आणि एखाद्या दिवशी पातं हातात तुटून येतं. म्हणून चाकूचं टोक लावून बघा. काळा, मऊ भुगा निघाला आणि कागदावर घासल्यावर पेन्सिलीसारखी रेघ उठली, तर हेच झालंय. अशा वेळी केसिंगही तपासायलाच हवं. ते बाहेरून ठणठणीत दिसत असलं तरी भरवसा ठेवू नका, दाबाखाली फुटलं तर माणसाच्या अंगावर येतं.

तिसरी शक्यता कॅव्हिटेशन, म्हणजे दाब कमी पडून पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि ते धातूजवळ फुटून त्याला खातात. खुणा खरखरीत, सच्छिद्र, जणू धातू कणाकणानं उपटलाय. पातं जिथे सुरू होतं तिथून थोडं पुढे, डोळ्यांना सहज दिसणाऱ्या बाजूला असतील तर सक्शनला, म्हणजे पाणी आत येतं त्या बाजूला, दाब कमी पडतोय. लपलेल्या बाजूला असतील (छोटा आरसा घालून बघावं लागतं) तर पंप त्याच्या क्षमतेपेक्षा फार कमी प्रवाहावर चालवला जातोय आणि पाणी तोंडाशीच उलटं घुमतंय. पहिल्यात स्ट्रेनर, सक्शन पाइप, टाकीची पातळी बघा. दुसऱ्यात डिलिव्हरी व्हॉल्व्ह का आवळून ठेवलाय ते विचारा.

नागपूरचा हिशेब इथे लागतो. शहर समुद्रसपाटीपासून साधारण 310 मीटर उंच, त्यामुळे हवेचा दाब 10.3 ऐवजी 10 मीटर पाण्याइतका. पाणी 25 वरून 40 अंशांवर गेलं की बाष्पदाबापोटी आणखी 0.4 मीटरच्या आसपास जातात. काठावर निवडलेला पंप डिसेंबरात गप्प असतो आणि मे महिन्यात आत खडी फिरल्यासारखा वाजतो, तो यामुळे. शिवाय कंपनीच्या वक्रावरचा (पंपाच्या कामगिरीच्या आलेखावरचा) एनपीएसएच, म्हणजे पंपाला सक्शनला लागणारा किमान दाब, हा हेड (पंप पाणी जितकं उंच चढवतो ती उंची) 3 टक्के घसरल्यावर मोजलेला असतो, म्हणजे तोवर बुडबुडे फुटायला लागलेले असतात. प्रत्यक्ष मिळणारा दाब त्यापेक्षा एखादा मीटर तरी वर ठेवा.

आता एसएसचं. कॅव्हिटेशन असेल तर एसएस जास्त टिकेल, पण कारण तसंच राहील. वाळू असेल तर 316 (एसएसचा एक प्रकार) मऊच पडतो. कोराडी, खापरखेड्याच्या वीज केंद्रांत राख वाहणाऱ्या पंपांसारख्या कामाला 27 टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असलेलं कठीण बीड किंवा रबरी अस्तर लागतं. हेडमध्ये वाव असेल तर वेग कमी करणं स्वस्त पडतं, कारण झीज ढोबळमानानं वेगाच्या घनानुसार बदलते: वेग 20 टक्के कमी, झीज जवळपास निम्मी. गंज असेल तर पाण्याचा पीएच आणि क्लोराइड तपासल्याशिवाय मिश्रधातू ठरवू नका. टॉवरमध्ये पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, तेव्हा नमुना बोअरचा नको, टॉवरच्या टाकीतला घ्या. त्याच पाण्याची बाटली रात्रभर ठेवून तळाला काय बसतं तेही बघा.

आणि बिडाच्या केसिंगमध्ये एसएसचा इम्पेलर बसवलात, तर गंजाचा मारा केसिंगकडे वळू शकतो. अल्ट्रासॉनिक गेजनं केसिंगची जाडी ठरावीक खुणांवर आत्ताच मोजून लिहून ठेवा, पुढच्या वेळी तुलनेला आकडे हवेत. धातूबद्दल शंका उरली तर तुकडा कापून नागपूरच्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेच्या धातुशास्त्र विभागात विचारा. चुंबकावर विसंबू नका, ओतीव 316 लाही ते थोडं चिकटतं.