न्यायालयाने खेळाच्या कारभारात पडावे का? माझ्या मते, एका बाबतीत नक्की पडावे

तुमचा प्रश्न असा की, सुपर लीग या बड्या युरोपियन फुटबॉल क्लबांच्या नियोजित स्पर्धेच्या निकालात युरोपियन युनियनच्या न्यायालयाने फिफा-यूएफा या जागतिक आणि युरोपियन फुटबॉल संघटनांना चाप लावला, ते बरोबर झाले का. खेळाचा कारभार खेळवाल्यांवरच सोडू नये का?

ऑफसाइड कशाला म्हणायचे हे न्यायाधीशांनी ठरवू नये, एवढे मलाही मान्य. पण दुसऱ्या कोणी स्पर्धा भरवायची की नाही हे संघटना ठरवते, तेव्हा ती खेळ नाही, स्वतःचे दुकान सांभाळत असते. तिथे कायदा हवाच.

सुपर लीगच्या गदारोळात त्याच दिवशी, 21 डिसेंबर 2023 ला आलेला स्केटिंगचा निकाल झाकोळला. मला तो जास्त बोलका वाटतो. मार्क टाउटर्ट आणि नील्स केर्स्टहोल्ट हे दोन डच स्केटर. टाउटर्ट तर 2010 चा ऑलिंपिक सुवर्णविजेता. 2014 मध्ये दुबईत एका खासगी आयोजकाची स्पर्धा व्हायची होती. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेचा तेव्हाचा नियम असा, की विनापरवाना स्पर्धेत उतरलात तर शिक्षा थेट आजन्म बंदीपर्यंत. स्केटरची कारकीर्द ती केवढी, त्यात ऑलिंपिक चार वर्षांनी एकदा. कोण धजावणार? दोघांनी युरोपियन कमिशनकडे, म्हणजे बाजारातील स्पर्धेचे कायदे राबवणाऱ्या युनियनच्या कार्यकारी यंत्रणेकडे, तक्रार केली. 2017 मध्ये कमिशनने नियम बेकायदा ठरवला आणि त्यावर न्यायालयाचे शेवटचे शिक्कामोर्तब व्हायला 2023 उजाडले.

सुपर लीगमध्येही दुखणे तेच होते. नव्या स्पर्धेला परवानगी कोणत्या निकषांवर मिळेल, हे फिफा-यूएफाने नीट लिहून ठेवलेच नव्हते. (न्यायालयाने ‘सुपर लीगला परवानगी द्या’ असे मुळीच म्हटलेले नाही. बातम्यांत हे हमखास सुटते.) बड्या क्लबांना कायमच्या राखीव जागा देणारी 2021 ची ती कल्पना मला स्वतःला भिकार वाटली होती. पण भिकार कल्पनेलाही नकार द्यायचा तर लेखी नियमाने द्यावा, मर्जीने नव्हे.

आपल्याला यात नवे काय? 2007 मध्ये इंडियन क्रिकेट लीग या खासगी स्पर्धेत गेलेल्यांना बीसीसीआयने दारे बंद केली होती. पुढे आयपीएलच्या प्रक्षेपण करारात ‘दुसऱ्या लीगला मान्यता देणार नाही’ अशी हमी दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने (बाजारातील मक्तेदारीवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) 2013 मध्ये बोर्डाला 52.24 कोटींचा दंड केला. अपिलात तो रद्द झाला, तर 2017 मध्ये आयोगाने पुन्हा तेवढाच लावला.

युरोपच्या पद्धतीत मला खटकते ती दिरंगाई. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत विनापरवाना स्पर्धेत उतरल्यावरून कोणाही खेळाडूवर बंदी घालता येणार नाही, असा तात्पुरता आदेश पहिल्याच महिन्यात निघाला असता, तर ते दोघे डच स्केटर निदान बर्फावर उतरले असते.