थेट व्हिडिओवर आलेले सिनेमे टाकाऊच असतात का?

बहुतेक असतात, पण सरसकट नाही. थिएटरला न जाता सरळ कॅसेटवर निघाला म्हणजे एवढंच, की स्टुडिओला त्यात मोठा पैसा घालायचा नव्हता.

‘ट्रेमर्स २’ (१९९६) घ्या. पहिला भाग १९९० मध्ये थिएटरात लागला होता. दुसऱ्याचं बजेट कापून सुमारे ४० लाख डॉलरवर आणलं. पहिल्या भागातल्या नटांपैकी केव्हिन बेकन दुसऱ्यात नव्हता, फ्रेड वॉर्ड आणि मायकेल ग्रोस राहिले. पण डोकं कसं चालवलंय बघा: पहिल्या भागातले जमिनीखालचे अजस्र किडे पावलांच्या हादऱ्यांवरून माणूस शोधतात. दुसऱ्यात त्यांच्याच पोटातून छोटे, दोन पायांचे प्राणी निघतात. त्यांना ना दिसत ना ऐकू येत, फक्त उष्णता कळते. खायला मिळालं की तोंडातून पिल्लं ओकतात! आपल्या अंगाची उष्णता त्यांना कळू नये म्हणून नायक अंगावर कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक फवारून घेतो. असल्या युक्तीला पैसे लागत नाहीत.

आम्ही हा बडोद्यात बघितला, दांडिया बाजारजवळच्या एका लायब्ररीतून कॅसेट आणून. खाली पांढऱ्या रेघा नाचत होत्या, मामा चित्र नीट करायला व्हीसीआरचं ट्रॅकिंगचं बटण फिरवत बसलेला, आणि आजी शेव-उसळ वाढता वाढता म्हणाली, “अगो बाई, हे कोंबडं की काय?” खरंच, चालतात तसेच.

कॅसेट रिवाइंड न करता परत दिली म्हणून दंड मात्र भरावा लागला.