चार्ट चढतोय म्हणून एफडी मोडू का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सहकारी बँकेतली 18 लाखांची एफडी पुढच्या महिन्यात मुदत पूर्ण करतेय, दोन वर्षांनी मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी 8 लाख लागतील, आणि एजंटने दाखवलेल्या चार्टवर शेअर बाजारातल्या फंडाची रेषा डोंगरासारखी चढताना बघून सगळीच रक्कम तिकडे वळवावीशी वाटतेय.

सगळी नको. का, ते त्या चार्टमध्येच दिसतं.

आधी आडव्या अक्षाचं डावं टोक बघा. तिथे मार्च 2020 लिहिलंय. 23 मार्च 2020 ला सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक, सुमारे 26 हजारांवर बंद झाला होता. तिथून धरलं तर मार्च 2025 पर्यंत 100 चे जवळपास 300 झाले. पण हीच रेषा जानेवारी 2020 पासून काढली, तेव्हा सेन्सेक्स 42 हजारांच्या आसपास होता, तर 100 चे 185 सुद्धा होत नाहीत. सुरुवात फक्त दोन महिने मागे नेली, एवढाच फरक. दरीच्या तळापासून मोजलं की कुठलाही डोंगर उंचच दिसतो.

उभा अक्षही फसवतो. 4 जून 2024 ला, लोकसभा निकालाच्या दिवशी, सेन्सेक्स 4,390 अंकांनी पडला. 23 मार्च 2020 ला 3,934 अंकांनी. साध्या रेषेवर 2024 ची घसरण मोठी दिसते. प्रत्यक्षात ती सहा टक्क्यांहून कमी होती, 2020 ची तेरा टक्के. म्हणून लांब काळाचा चार्ट लॉग स्केलवर मागायचा. त्यात सारख्या टक्क्यांची चढ-उतार सारख्याच उंचीची दिसते, आणि जुनी पडझड कोपऱ्यात दबून जात नाही.

आता मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते. जानेवारी 2008 मध्ये सेन्सेक्स 21 हजारांजवळ होता, मार्च 2009 मध्ये 8 हजारांच्या घरात. पुन्हा 21 हजार दिसायला नोव्हेंबर 2010 उजाडलं. तुमच्या मुलीची फी त्या खड्ड्यात भरायची वेळ आली असती तर? रेषा पुढे वर गेली, याचा तुम्हाला तेव्हा काय उपयोग?

म्हणून 8 लाख एफडीतच राहू द्या. आणखी 4 लाख घरच्या अडीअडचणीला ठेवा. हे 12 लाख मात्र एकाच बँकेत नकोत: ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला व्याज धरून 5 लाखांपर्यंतच आहे. तीन बँकांत विभागा, जमल्यास काही तुमच्या आणि काही यजमानांच्या नावावर.

उरलेले 6 लाख किमान सात वर्षं लागणार नाहीत अशी खात्री असेल, तरच इंडेक्स फंडात (सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातलेच शेअर्स घेणाऱ्या फंडात) टाका, तेही वर्षभरात दरमहा 50 हजार करून. एजंटकडे त्याने दाखवलेल्याच फंडाचा जानेवारी 2008 पासूनचा चार्ट मागा. फंड तेवढा जुना नसेल तर तो ज्या निर्देशांकाशी तुलना करतो, त्याचा. तो मिळेपर्यंत कुठल्याही फॉर्मवर सही करू नका.