पीबल्समध्ये बिऱ्हाड करण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवऱ्याला मेलरोजजवळच्या बॉर्डर्स जनरल हॉस्पिटलमध्ये नोकरी लागली आहे, घर पीबल्सला बघताय, मुलगी सात वर्षांची, मुलगा तीनचा. गाडीशिवाय भागेल का, दवाखाना-शाळेचं काय, आणि ठाण्यातून उठून नऊएक हजार वस्तीच्या स्कॉटिश गावात गेल्यावर आपल्याला कुणी विचारेल का. मी याच भागात बरीच वर्षं राहते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गाडीचं आधी, कारण घर त्यावर ठरतं. पीबल्सची रेल्वे १९६२ साली बंद झाली. २०१५मध्ये सुरू झालेली बॉर्डर्स रेल्वे एडिंबऱ्याहून ट्वीडबँकला जाते, पण तुमचं गाव तिच्या वाटेवर नाही. म्हणजे सगळी भिस्त एडिंबरा-पीबल्स-गॅलाशिल्स या एक्स-६२ बसवर. दिवसा काही अडत नाही, पण रात्रपाळीचा माणूस बसच्या भरवशावर राहू शकत नाही. भारतातलं लायसन्स इथे राहायला आल्यापासून १२ महिने चालतं, पुढे इथली परीक्षा द्यावीच लागते. तिची तारीख लवकर मिळत नाही, तेव्हा सामान लागायच्या आत शिकाऊ लायसन्सचा अर्ज टाका. मुलांना मात्र चैन आहे: २२ वर्षांखालच्या सगळ्यांना स्कॉटलंडभर बस फुकट, फक्त कार्ड काढायचं.

गावात ‘हे लॉज’ (Hay Lodge) नावाचं छोटं हॉस्पिटल आणि जीपींचा, म्हणजे फॅमिली डॉक्टरांचा, दवाखाना आहे. अपघात विभाग तिथे नाही, त्यासाठी नवऱ्याच्याच हॉस्पिटलात जावं लागेल, वीसेक मैलांवर. रात्री-अपरात्री १११ला फोन करायचा, जिवावरचं असेल तर ९९९ला. दातांची कामं ठाण्यातच उरकून या, कारण नवे पेशंट घेणारा एनएचएसचा, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेतला, डेंटिस्ट शोधणं म्हणजे दिव्य आहे. फार्मसीला मात्र कमी लेखू नका. काउंटरवरच्या बाईंना नुसतं म्हणायचं, फार्मासिस्टशी बोलायचंय. त्या शेजारच्या कोठडीवजा खोलीत बसवतात, फार्मासिस्ट येऊन शांतपणे चार प्रश्न विचारतो, आणि बायकांचा लघवीचा साधा संसर्ग किंवा नागीण असेल तर जीपीकडे न जाता तिथल्या तिथे औषध मिळतं. पैसे? एक पेनीही नाही. प्रिस्क्रिप्शनची फी स्कॉटलंडने २०११ सालीच काढून टाकली.

शाळा पत्त्यावरून ठरते. किंग्जलंड, प्रायर्सफर्ड आणि कॅथलिक हॅलीरूड अशा तीन प्राथमिक शाळा आहेत, वर्ष ऑगस्टच्या मध्यावर सुरू होतं. तिसरं वर्ष पूर्ण झालेल्या मुलांना वर्षाला ११४० तास नर्सरी मोफत आहे. धाकट्याची चौकशी आत्ताच करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नगरसेवकाच्या दारात जाऊन काम करून घ्यायची सवय इथे उपयोगाची नाही. पीबल्सची स्वतःची नगरपालिका १९७५ सालीच गेली. कारभार न्यूटाउन सेंट बॉझवेल्सहून स्कॉटिश बॉर्डर्स कौन्सिल बघते. गावात कम्युनिटी कौन्सिल आहे, पण तिला अधिकार जवळजवळ नाहीत. बांधकाम परवान्यांवर मत द्यायचं, गावाचं गाऱ्हाणं वर पोचवायचं, आणि हे सगळं बिनपगारी. म्हणून गावातलं बरंच काही लोकच चालवतात. डोंगरात कुणी अडकलं तर ट्वीड व्हॅली माउंटन रेस्क्यूचे स्वयंसेवक हातातलं काम टाकून धावतात. ईस्टगेट थिएटर, जे पूर्वी चर्च होतं, तिथे तिकीट तपासणारे आजी-आजोबा हौसेने उभे असतात.

कुणी विचारेल का, याचं उत्तर त्यातच आहे. लोक सभ्य आहेत, फुटपाथवर थांबून हवेबद्दल दहा मिनिटं बोलतील, पण घरी बोलावतील म्हणून वाट बघत बसलात तर दोन हिवाळे सहज निघून जातील. (आणि डिसेंबरात पावणेचारला अंधार पडतो, तेव्हा हिवाळे लांबच वाटतात.) आपण होऊन कामाला हात लावायचा. एखाद्या चॅरिटी शॉपमध्ये (दान आलेल्या वस्तू विकून संस्थेसाठी पैसे जमवणारं दुकान) आठवड्यातून एक सकाळ कपड्यांना किमतीच्या चिठ्ठ्या लावल्यात तरी महिन्याभरात हाय स्ट्रीटवर नावाने हाक मारणारे भेटतील. लायब्ररी चेंबर्स इन्स्टिट्यूशनमध्ये आहे. आपल्या घरोघरी असायची त्या चेंबर्स डिक्शनरीवाल्या प्रकाशकांपैकी विल्यम चेंबर्स यांनी ती इमारत १८५९ साली गावाला दिली. तिथला सूचनाफलक मनापासून वाचा, फेसबुकपेक्षा जास्त कळतं.

आणि जूनमधला बेल्टेन हा गावचा उत्सव चुकवू नका. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली तेव्हा, १८९७ साली, तो नव्याने सुरू झाला. कॉर्नेट, म्हणजे त्या वर्षीचा उत्सवाचा म्होरक्या, झालेला तरुण घोडेस्वारांना घेऊन गावाची शीव फिरतो. शनिवारी ओल्ड पॅरिश चर्चच्या पायऱ्यांवर प्राथमिकच्या शेवटच्या वर्गातल्या मुलीला बेल्टेन क्वीनचा मुकुट घालतात, भोवती शाळकरी पोरं नाना वेशांत. मुलीच्या वर्गातल्या आयांना कपडे शिवायला मदत हवी का, एवढंच विचारा. शिवणाऱ्या हाताला इथे नाही म्हणत नाहीत.

कढीपत्ता, ज्वारीचं पीठ वगैरेसाठी एडिंबऱ्यात लीथ वॉकची दुकानं धुंडाळा, फ्रीझर मोठा घ्या.

घर हाय स्ट्रीटपासून चालत जाता येईल असंच बघा. कौन्सिल टॅक्सच्या बिलात पाणी आणि सांडपाण्याचे पैसेही येतात, ते हिशेबात धरा. आणि ट्वीड नदीच्या काठचं घर कितीही आवडलं तरी सेपाचा (स्कॉटलंडच्या पर्यावरण खात्याचा) पुराचा नकाशा उघडून पत्ता टाकून बघितल्याशिवाय सही करू नका.